एक राणी, दोन शेवट

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बडोद्याला मामाकडे गेले होते, तेव्हा माझं आणि मामेभावाचं कडाक्याचं भांडण झालं. वादाचा मुद्दा असा: मार्गरेट ट्रेलॉनी शेवटी मरते, की तिचं लग्न होतं?

मार्गरेट आमची कुणी नातेवाईक नाही. ब्रॅम स्टोकरच्या 'द ज्वेल ऑफ सेव्हन स्टार्स' या भयकादंबरीची ती नायिका. मामेभाऊ म्हणत होता, ती मरते. तीच काय, निवेदक सोडून सगळेच मरतात. मी म्हणत होते, काहीही काय! शेवटच्या पानावर तिचं लग्न आहे. तू नेहमीसारखा कुठेतरी सारांश वाचून ठोकून देतोयस. तो म्हणाला, तूच झोपेत वाचलंयस. मामी चकल्या तळत होती. ती म्हणाली, "अरे, दोघांच्याही फोनवर आहे ना पुस्तक? मग उघडून दाखवा की एकमेकांना."

उघडलं. नाव तेच, लेखक तोच, पहिलं वाक्यही तेच. शेवट वेगळा. आम्ही दोघंही बरोबर होतो.

(इथे थांबून सांगते: पुढे या कादंबरीचा शेवट सांगितला आहे. खरं तर दोन्ही शेवट. ज्यांना आधी वाचायची आहे त्यांनी वाचून या, लेख कुठे पळून जात नाही.)

झालं होतं असं. 'ड्रॅक्युला' १८९७ मध्ये आली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९०३ मध्ये, स्टोकरची ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचा शेवट भयंकर होता. १९१२ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा शेवट बदलून गोड केलेला होता आणि सोळावं प्रकरण अख्खं काढून टाकलेलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टोकर वारला. नवा शेवट त्याने स्वतः लिहिला की दुसऱ्या कुणी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पुढच्या अनेक पुनर्मुद्रणांत १९१२ चाच मजकूर वापरला गेला. म्हणजे वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी एक कादंबरी वाचली आणि त्यांना वाटत राहिलं की आपण दुसरी वाचली.

त्यामुळे या पुस्तकाबद्दल कुणी मत द्यायला लागलं की मी आता आधी विचारते, "कुठली वाचलीस?"

गोष्ट थोडक्यात सांगते. लंडनमधल्या माल्कम रॉस या तरुण वकिलाला मध्यरात्री मार्गरेटकडून बोलावणं येतं. तिचे वडील एबल ट्रेलॉनी हे इजिप्तच्या प्राचीन वस्तूंचे गाढे अभ्यासक. त्यांची झोपायची खोली म्हणजे जवळजवळ संग्रहालयच. त्या खोलीत, तिजोरीजवळ, ते बेशुद्ध सापडलेत आणि मनगटावर जखमा आहेत. खोली आतून सुरक्षित. त्यांनी आधीच एक पत्र लिहून ठेवलंय: मला काही झालं तर इथून हलवू नका, खोलीतली एकही वस्तू हलवू नका आणि रात्रभर माझ्याजवळ पहारा ठेवा. पहारा बसतो. पण खोलीत ममीचा जुना, मसालेदार, गुंगवणारा वास आहे आणि पहारेकरी एकेक करून त्या वासात हरवतात. नर्स तर लाकडासारखी ताठ होते. रॉस बाजारातून श्वासोच्छ्वासाचा मुखवटा विकत आणतो आणि तो लावून रात्रभर बसतो. २०२० नंतर हा प्रसंग वाचताना आपल्याला जे वाटतं, ते १९०३ च्या वाचकाला नक्कीच वाटलं नसणार.

हळूहळू कळतं, की या सगळ्यामागे आहे राणी तेरा. हजारो वर्षांपूर्वीची इजिप्तची राणी, जादूविद्येत पारंगत, एका हाताला सात बोटं. तिच्याजवळ एक माणिक आहे, ज्यात सात तारे दिसतात आणि त्यांची मांडणी थेट सप्तर्षींची. तिला मरायचं नव्हतं. दूरच्या काळात, दूरच्या देशात पुन्हा जागं व्हायचं म्हणून तिने सगळी तयारी करून ठेवलीय: माणिक, सात दिवे, एक गूढ पेटी, आपला तुटलेला हात, आपल्या मांजराची ममी. ट्रेलॉनी हा सगळा सरंजाम कॉर्नवॉलच्या समुद्रकाठच्या घरात, खडकाखालच्या गुहेत नेतात. राणीला उठवण्याचा 'महाप्रयोग' तिथे होणार आहे. आणि हो, मार्गरेट हुबेहूब तेरासारखी दिसते. वडील तेराच्या थडग्यात बेशुद्धावस्थेत पडलेले असताना तिचा जन्म झाला, आई त्यातच गेली, आणि राणीचा हात जिथे तुटलाय, नेमक्या त्याच जागी मार्गरेटच्या मनगटावर जन्मखूण आहे.

वर्षभरात ही कादंबरी मी सात-आठ जणांच्या गळ्यात मारली. ऑफिसातले, कॉलेजातले, एक शेजारची काकू. प्रत्येकाचं मत ऐकलं. तक्रारी फिरून फिरून तीनच.

पहिली तक्रार: ममी कुठाय? ज्यांनी ब्रेंडन फ्रेझरचा १९९९ चा सिनेमा टीव्हीवर शंभरदा पाहिलाय, त्यांना ममी म्हणजे पट्ट्या सोडत धावणारं, ओरडणारं काहीतरी हवं असतं. तशी चालणारी ममी साहित्यात स्टोकरच्या आधीही होती. कॉनन डॉइलच्या १८९२ च्या 'लॉट नंबर २४९' या कथेत ऑक्सफर्डमधला एक विद्यार्थी ममीला माणसांच्या मागे सोडतो. स्टोकरची तेरा मात्र आपल्यासमोर एकदाही उठत नाही, बोलत नाही. पुस्तकभर ती पडून आहे. मला हीच या पुस्तकातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट वाटते. बाकीचे तिच्याभोवती धावताहेत, भांडताहेत, तिच्या वतीने बोलताहेत, आणि ती नुसती वाट पाहतेय.

दुसरी तक्रार: मध्ये पुस्तक रेंगाळतं. मान्य. एका डच प्रवाशाचा सतराव्या शतकातला वृत्तांत, मग दुसऱ्या संशोधकाची लांबलचक हकिगत, मग चर्चा, मग चर्चेवर चर्चा. त्यात रॉस मार्गरेटच्या डोळ्यांचं वर्णन करायची एकही संधी सोडत नाही. काही पानं मीही अंगठ्याने भराभर सरकवली, खोटं कशाला बोलू! आणि आज आणखी एक गोष्ट खटकते. या गोष्टीत इजिप्तची जिवंत माणसं येतात ती फक्त ओझी वाहायला, चोऱ्या करायला किंवा मरायला. राणीच्या हाताला हात लावणाऱ्या अरबांच्या गळ्यावर बोटांचे ठसे उमटतात, लेखक दोन ओळींत पुढे जातो. १८८२ पासून इजिप्त ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होता. एका देशाची राणी उचलून दुसऱ्या देशातल्या झोपायच्या खोलीत आणली जाते आणि ही मुळात कुणाची, असा प्रश्न पुस्तकात कुणालाच पडत नाही.

तिसरी तक्रार शेवटाची, आणि लेख लिहायला बसले ते तिच्यासाठी.

१९०३ चा शेवट असा. वादळी रात्र. गुहेत दिवे पेटतात, पेटी उघडू लागते, प्रकाश येतो आणि मग काळा धूर. खिडकीची दारं वाऱ्याने फुटतात. अंधारात रॉसच्या हाताला एक देह लागतो. मार्गरेटच असणार, असं धरून तो तिला उचलून वर दिवाणखान्यात आणतो आणि काडेपेटी शोधायला जातो. परत येऊन बघतो तर जमिनीवर फक्त राणीचं वस्त्र आणि तिचं रत्न. देह नाही. तो खाली धावतो. खाली सगळे मरून पडलेत, डोळे उघडे. मार्गरेटने चेहऱ्यावर हात धरलेत, पण बोटांच्या फटीतून तिचेही डोळे दिसताहेत. संपलं पुस्तक.

तेरा उठली का? कुठे गेली? काय चुकलं? एकाही प्रश्नाला उत्तर नाही. वाचकांचं म्हणणं, ही फसवणूक आहे. तीनशे पानं कोडं घालायचं आणि उत्तराच्या वेळी दिवे घालवायचे! मामेभावाचंही तेच मत होतं. "शेवट सुचला नाही म्हणून सगळ्यांना मारून टाकलं," तो म्हणाला.

आधी मलाही ते पटलं. मग मी लागोपाठ 'ड्रॅक्युला' पुन्हा वाचली आणि मत बदललं.

'ड्रॅक्युला'त मिना हार्कर आहे. सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, फोनोग्राफवरची टिपणं टाइप करून, तारखांप्रमाणे लावून ती एक फाइल तयार करते. त्या फाइलमुळेच शत्रूचा माग लागतो. आणि नेमकं तेव्हाच पुरुषमंडळी ठरवतात, की आता हे काम बाईमाणसाचं नाही, हिला यातून बाहेर ठेवू. बाहेर ठेवतात, आणि ड्रॅक्युला सरळ तिच्यापर्यंत पोचतो. मग त्यांना चूक कळते. तिला पुन्हा आत घेतात, तिचं ऐकतात आणि जिंकतात. 'ड्रॅक्युला' ही एका अर्थी चूक वेळेत सुधारल्याची गोष्ट आहे.

'ज्वेल' ही तीच चूक न सुधारल्याची गोष्ट आहे.

महाप्रयोगाच्या रात्रीचा प्रसंग बघा. मार्गरेटचा प्रयोगाला विरोध नाही. उलट तेराच्या मनात काय असेल, हे ती इतक्या खात्रीने सांगते, की हल्ली हिच्या तोंडून नक्की कोण बोलतंय, अशी शंका रॉसला येऊ लागते. तिचं बोलणं प्रयोगाच्या बाजूने असतं तोवर पुरुष ते पुरावा म्हणून वापरतात. पण मग ट्रेलॉनी ममीच्या पट्ट्या सोडायला घेतात आणि मार्गरेट अडवते. तिचं म्हणणं साधं आहे: ती बाई आहे, तुम्ही सगळे पुरुष आहात आणि वर लख्ख दिवे आहेत. वडील समजावतात, ही बाई नाही, ममी आहे. ती म्हणते, वर्षं उलटली म्हणून बाईची बाई राहत नाही का? यावर वडील स्त्रीहक्कांवरून एक विनोद करतात आणि काम पुढे चालू होतं.

विनोद. त्या खोलीतला एकमेव आक्षेप विनोदावर निकालात निघतो.

पट्ट्यांच्या आत निघतं वधूवस्त्र, आणि त्याखाली एका स्त्रीचा ताजा, अजिबात न सुकलेला देह. तिथे रॉसलाही लाज वाटते, की आपण इथे असायला नको होतं. लाज वाटते, पण तो बाहेर जात नाही.

हे दृश्य स्टोकरच्या काळच्या वाचकाला परकं नव्हतं. १८३० च्या दशकात टॉमस पेटिग्रू नावाचा सर्जन लंडनमध्ये प्रेक्षकांसमोर ममी उलगडून दाखवत असे. एकदा इतकी गर्दी झाली की कँटरबरीच्या आर्चबिशपनाही जागा नाही म्हणून परत जावं लागलं. स्टोकरने तो खेळ घरात आणला आणि बघणाऱ्यांमध्ये एक मुलगी उभी केली, जिचा चेहरा टेबलावरच्या बाईसारखाच आहे. मग ती 'हे करू नका' म्हणते तेव्हा ती नेमकी कुणाबद्दल बोलतेय?

धारपांच्या समर्थकथा आईबाबांच्या कपाटातून चोरून वाचलेल्या आपल्यासारख्यांची इथे फसगत होते. तिथे एक जाणता माणूस असतो. त्याला त्या अमंगळ शक्तीचं गणित कळलेलं असतं आणि तो आला की आपण निर्धास्त होतो. 'ड्रॅक्युला'त ते काम व्हॅन हेल्सिंग करतो. 'ज्वेल'मध्ये आपण ट्रेलॉनींना त्या खुर्चीवर बसवतो, कारण ते तसेच बोलतात. पण नीट वाचलं तर कळतं, की त्यांना राणीची भाषा वाचता येते, राणीचा हेतू कळत नाही. तो त्यांनी स्वतःच ठरवलाय. मृत माणसाने मागे ठेवलेल्या सूचना, गाळलेल्या जागा आपल्या मनाने भरलेल्या, आणि 'थांबा' म्हणणारीला हसणं. एवढ्या सामग्रीवर प्रयोग केला तर काय होईल? १९०३ चा शेवट सांगतो, काय होईल ते. अंधारात जे हाताला लागलं ते मार्गरेटच आहे, असं रॉसने धरून चाललं. सगळं पुस्तक सगळ्यांनी असंच धरून चालवलं होतं.

हे मला इतकं का लागलं, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत होते. मध्यरात्री एक जुनी स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर चालवायची होती. लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला. मागे उरलेली दोन पानांची टिपणं. आम्ही चौघं अनुभवी आणि एक नवी मुलगी, कॉलेजातून नुकतीच आलेली. ती म्हणाली, "इथे ही अट का घातलीय ते आपल्याला माहीत नाहीये. आधी त्यांना फोन करून विचारूया का?" मी म्हणाले, "अगं, रात्री दीड वाजता उठवतेस का बिचाऱ्याला?" सगळे हसले. तीही हसली. स्क्रिप्ट चालवली. पुढचे दोन दिवस आम्ही बॅकअपमधून डेटा परत आणत होतो. आला सगळा. कुणाचं काही गेलं नाही. सोमवारी जो रिपोर्ट गेला त्यात काय चुकलं, कसं सावरलं, सगळं होतं. तिच्या प्रश्नाचा उल्लेख नव्हता. रिपोर्ट मी लिहिला होता.

म्हणजे आमचा शेवट १९१२ चा झाला.

१९१२ च्या आवृत्तीत प्रयोग फसतो, राणीचा देह नाहीसा होतो, धूर निवळतो आणि सगळे सुखरूप असतात. पुढे रॉस आणि मार्गरेटचं लग्न होतं. लग्नात मार्गरेट काय घालते? तेच वस्त्र. टेबलावर, दिव्यांच्या प्रकाशात, तेराच्या अंगावरून काढलेलं. तिचं रत्नही. मी पहिल्यांदा हा शेवट वाचला तेव्हा मला तो छान, थोडा हळवा वाटला होता. राणीची अपुरी इच्छा मार्गरेटने पुरी केली, वगैरे. आता वाचते तेव्हा वेगळंच दिसतं. हा गोड शेवट एकही चूक दुरुस्त करत नाही, फक्त तिची किंमत खोडून टाकतो. जिने अडवलं तिला ते आठवतसुद्धा नाही. जिच्यावर अन्याय झाला तिचे कपडे घालून ती हसतेय.

सोळावं प्रकरण गेलं त्याचंही असंच. तिथे रॉसला एक खरी, बोचरी शंका येते: हे जुने देव खरे असतील, त्यांच्यात शक्ती असेल, तर आपल्या देवाचं काय? उत्तर त्याच्याजवळ नाही. १९१२ मध्ये ही शंकाच नाहीशी झाली. प्रश्न विचारणारं प्रकरण आणि चुकीची किंमत मोजायला लावणारा शेवट, हे दोन्ही एकाच आवृत्तीत जावेत, यात मला तरी संगती दिसते.

मग १९०३ चा शेवट निर्दोष आहे का? नाही. तो घाईचा आहे. शेवटची दोन पानं दमलेल्या माणसाने लिहिल्यासारखी आहेत आणि मार्गरेटला इतकं वाढवून शेवटी तिच्या तोंडी एक शब्दही नाही, हे मला अजून खटकतं. पण घाईचा शेवट आणि खोटा शेवट यांतला एक निवडायचा तर मी घाईचा निवडीन. काय झालं ते तो सांगत नाही, पण काही झालंच नाही असं तरी म्हणत नाही.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सयाजीबागेतल्या संग्रहालयात गेलो. बडोद्याच्या मुलांना ठाऊकच असतं, तिथे एक खरी ममी आहे, सयाजीराव महाराजांच्या काळात आलेली. लहानपणी प्रत्येक मे महिन्यात मामा दाखवायला न्यायचा आणि आम्ही काचेला नाक लावून एकमेकांना घाबरवायचो. या वेळी तिथे एका शाळेची सहल होती. पोरं तेच करत होती. मी सवयीने फोन वर केला आणि मला मार्गरेटचं ते वाक्य आठवलं, लख्ख दिव्यांचं.

"काढ की फोटो," मामेभाऊ म्हणाला. "काच आहे, पट्ट्या आहेत. आपण काही सोडत नाहीयोत."

"हो, पण विचारलं कुणी होतं?"

"कुणाला? तिला?" तो हसला. मग म्हणाला, "मग काय, बघायचंच नाही का?"

याचं उत्तर मला देता आलं नाही, अजूनही येत नाही. मी फोटो काढला नाही, पण तिथून हललेही नाही. रॉससारखीच.

तुम्ही वाचणार असाल तर आधी १९०३ ची शोधा. साधी खूण अशी, की प्रकरणं वीस असतील तर बहुधा तीच, एकोणीस असतील तर नंतरची. ती संपली की दुसरीचा फक्त शेवट वाचा. आणि मग कुणाशी तरी भांडा, पण आधी विचारून घ्या, कुठली वाचलीस.